आपण होऊन लागणारा दिवा

दिव्याखाली अंधार ही म्हण ज्याने काढली, तो नाशिकरोडला राहत असला पाहिजे! आमच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात. तेथे २१० मेगावॉटचे संच चालतात; आणि तरीही २००७ साली, भारनियमनाच्या त्या दिवसांत, आमच्या घरी काळोख ठरलेला. मेणबत्ती होती, कंदील होता. पण काळोखात ते सापडायचे कोणाला? एका रात्री आई पाणी प्यायला उठली आणि उंबऱ्याला अडखळून पडली. मनगट मोडले. "अरे, काडेपेटीच शोधत होते मी," एवढेच ती म्हणाली. ते शब्द मनाला फार लागले. वीज जाताच आपण होऊन लागेल असा दिवा करायचाच, असे मी ठरवले.

सामान थोडकेच लागते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी, १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोड, एक कपॅसिटर, 'एलएम ३१७' हा नियामक आणि एक रिले. डायोड विजेची उलटसुलट ये-जा एकाच दिशेला वळवतात, कपॅसिटर तिच्या लाटा सपाट करतो आणि नियामक बॅटरीला बेताचे, १३.६ व्होल्ट देतो. त्याहून फार जास्त दाब सतत दिला, तर बॅटरी आतून सुकते. बॅटरीची वीज उलटी फिरू नये म्हणून वाटेत आणखी एक डायोड हवा. २३० व्होल्टच्या बाजूचे काम मी जाणत्या वायरमनकडून करून घेतले. वाचकहो, तेथे हौस नको!

रिले म्हणजे विजेने ओढला जाणारा खटका. घरात वीज आहे तोवर तो दिव्याची वाट तोडून धरतो. वीज गेली की सुटतो आणि बॅटरीवरचा दिवा लागतो. मी मोठ्या ऐटीत घरातल्यांना जमवले, मेन स्विच पाडला... आणि काळोखच! रिलेची तार मी त्या डायोडच्या पलीकडे, बॅटरीच्या बाजूला जोडली होती. वीज गेली तरी बॅटरीच रिलेला धरून बसली. तार अलीकडे घेतली आणि दिवा लागला.

खरी अक्कल मात्र पुढे आली. एक स्क्रू आवळताना माझ्या हातातल्या पान्याने बॅटरीची दोन्ही टोके जोडली गेली. ठिणग्या उडाल्या, पाना बॅटरीला चिकटला, बोटे भाजली. तो मी झटकून दूर केला म्हणून निभावले. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, या भरवशावर मी निर्धास्त होतो. पण अशी लहानशी बॅटरीही क्षणभर शंभराहून अधिक अँपिअर ओकू शकते. सौ. धावत आल्या. म्हणाल्या, "अहो, घरच्या विजेला फ्यूज असतो. मग ह्याला कुठे आहे?"

ह्याला नव्हता! सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त वस्तू तीच, आणि तीच मी विसरलो होतो. दुसऱ्याच दिवशी बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून २ अँपिअरचा फ्यूज बसवला आणि दोन्ही टोकांवर रबराच्या टोप्या चढवल्या.

आता हिशेब. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॉट-तास. ५ वॉटचा दिवा कागदावर सोळा तास चालतो. पण बॅटरी टिकवायची तर निम्म्यावर थांबावे, म्हणजे आठ तास. एका रात्रीला पुष्कळ झाले. महिन्यातून एकदा मेन स्विच पाडून दिवा लागतो का ते पाहावे. बॅटरी काही वर्षांनी थकतेच. जुनी कचऱ्यात न टाकता दुकानदाराला परत द्यावी, कारण तीत शिसे असते.

दिवा बसवल्यानंतर आठवड्याभराने सकाळी चहा घेताना आई सहज म्हणाली, "रात्री वीज गेली होती वाटतं. उठले तर तुझा दिवा लागलेला."

आम्हांला कोणाला जागही आली नव्हती.