पुण्याची टेनिस स्पर्धा गेली कोठे?

२०२३ च्या जानेवारीत पुण्याजवळच्या बालेवाडी संकुलात हॉलंडच्या टॅलन ग्रीकस्पूरने फ्रान्सच्या बेंजामिन बोन्झीला तीन सेटमध्ये हरवून महाराष्ट्र ओपनचा चषक उचलला. पुढल्या जानेवारीत बालेवाडीत ती स्पर्धा झालीच नाही. मोसमाच्या त्याच पहिल्या आठवड्यात हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये मात्र पुरुषांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा रंगली. तीही तेथे २००२ नंतर प्रथमच. पुण्याचे गेले ते हाँगकाँगला मिळाले. हे घडते कसे, ते आज आपण पाहू.

विंबल्डन म्हटले की गाव आणि स्पर्धा निराळी काढता येत नाहीत. त्यामुळे आपला समज असा होतो, की टेनिसची प्रत्येक स्पर्धा अशीच मातीत रुजलेली असते. वस्तुस्थिती तशी नाही. पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसचा कारभार एटीपी ही संस्था पाहते आणि तिची मालिका १९९० पासून चालू आहे. या मालिकेतली स्पर्धा म्हणजे मुख्यतः पंचांगातला एक आठवडा आणि तो आठवडा साजरा करण्याचा परवाना. परवाना ज्याच्या हाती, तो एटीपीच्या संमतीने बिऱ्हाड उचलून दुसऱ्या शहरी जाऊ शकतो. कोर्ट, खुर्च्या, प्रेक्षक मागे राहतात.

पुण्याच्या स्पर्धेचेच पाहा ना. हे बिऱ्हाड १९९६ साली दिल्लीत मांडले गेले, १९९७ मध्ये चेन्नईला गेले आणि तेथे २०१७ पर्यंत सुखाने नांदले. लिअँडर पेस आणि महेश भूपती या जोडीने तेथे दुहेरीचे विजेतेपद पाच वेळा मिळवले. २०१८ मध्ये ते पुण्यास आले. चेन्नईकर तेव्हा हळहळले असतील. आपण काही त्यांची फारशी विचारपूस केली नाही!

मुंबईची कथा याहून छोटी. १९९६ साली शांघायला सुरू झालेली एक स्पर्धा २००५ मध्ये व्हिएतनाममधील हो ची मिन्ह शहरात जाऊन २००६ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या आवारात उतरली. आम्हा आचोळेकरांना ही मोठीच सोय. नालासोपाऱ्याला लोकल धरावी, चर्चगेटला उतरावे, की पाच मिनिटांत दाराशी. पहिल्या वर्षी रशियाच्या द्मित्री तुर्सुनोव्हने टोमास बर्डिचला हरवले, दुसऱ्या वर्षी रिशार गास्केने ओलिव्हिए रोशूला. २००८ मध्ये ती बंगळूरला व्हायची होती. सुरक्षिततेच्या कारणावरून रद्द झाली. मुंबईच्या वाट्याला दोनच वर्षे आली.

पुण्याला पाच स्पर्धा मिळाल्या. त्यांत मनात राहिली ती २०१९ ची अंतिम लढत. दक्षिण आफ्रिकेचा केव्हिन अँडरसन सहा फूट आठ इंच, क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच सहा फूट अकरा! तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले आणि अँडरसन जिंकला. कार्लोविच तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. त्याच वर्षी रोहन बोपण्णा आणि दिविज शरण यांनी दुहेरी जिंकली. २०२२ मध्ये बोपण्णाने रामकुमार रामनाथनच्या साथीने पुन्हा जिंकली.

आता त्या आठवड्याची किंमत. जानेवारीचा पहिला आठवडा म्हणजे मेलबर्नच्या मोठ्या स्पर्धेची पूर्वतयारी. खेळाडूला कोठेतरी हात मोकळे करायचेच असतात, म्हणून पुणे त्याच्या वाटेवर पडे. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात एटीपी चषक सुरू झाला, आणि पुण्याची तारीख फेब्रुवारीत ढकलली गेली. मेलबर्न आटोपलेले, त्याच आठवड्यात फ्रान्समध्ये माँपेलिए आणि अर्जेंटिनात कोर्दोबा. युरोपचा खेळाडू घर सोडून इकडे कशाला येईल? २०२१ मध्ये कोरोनामुळे स्पर्धा झालीच नाही. २०२३ मध्ये जानेवारी परत मिळाला, पण ते शेवटचेच वर्ष ठरले.

यात आपले गेले काय, असे कोणी विचारील. एकेरीत पुण्यात भारतीय विजेता एकदाही झाला नाही, हे खरेच. पण यजमानाला मुख्य फेरीत काही जागा आपल्या मर्जीने देता येतात. त्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. २०२३ मध्ये अशी एक जागा महाराष्ट्राच्या मानस धामणेला मिळाली. वय वर्षे १५. अमेरिकेच्या मायकेल म्मोहकडून तो ६-२, ६-४ असा हरला. हरणारच होता. क्रमवारीच्या जोरावर त्या कोर्टावर पाऊल टाकायला त्याला आणखी कित्येक वर्षे लागली असती. घरी स्पर्धा असली की पंधरा वर्षांच्या मुलाला पोचलेल्या खेळाडूची सर्व्हिस समोर उभे राहून घेता येते. नसली, तर तिकिटाचे पैसे जमवून परदेशी पात्रता फेऱ्या खेळत हिंडावे लागते.

बालेवाडी मात्र ओस पडली नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत तेथे खालच्या पायरीची, म्हणजे चॅलेंजर स्पर्धा झाली. ती जिंकली मोनॅकोच्या व्हॅलेंतँ वाशेरोने. तेव्हा त्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याने शांघायची मास्टर्स स्पर्धा जिंकली.