सांडपाण्यातले डावे-उजवे रेणू

ऑगस्ट 2022 मध्ये मुंबई पोलिसांनी पालघर जिल्ह्यातल्या नालासोपाऱ्यात 700 किलोंच्या आसपास मेफेड्रोन, म्हणजे नशेच्या बाजारातलं ‘एमडी’, पकडलं. त्या बातमीतली एकच गोष्ट माझ्या मनातून जात नाही. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मुख्य आरोपी सेंद्रिय रसायनशास्त्राचा पदव्युत्तर पदवीधर होता.

बोईसरकराला हे जास्त बोचेल. गावाला लागूनच असलेल्या तारापूर एमआयडीसीत औषधांचे, रसायनांचे कारखाने आहेत. रिअॅक्टर, सॉल्व्हंट, क्यूसी (गुणवत्ता तपासणी) हे शब्द इथल्या घरांत रोजचे. हीच विद्या नशेचा माग काढायलाही लागते, हे मात्र इथल्या मुलांना कुणी सांगत नाही.

व्यसनाचा अभ्यासक म्हटलं की मानसोपचारतज्ज्ञ आठवतात. ते योग्यच आहे. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये सुरू झालं ते डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकारानं. ‘गर्द’वर, म्हणजे ब्राउन शुगरवर, लिहिणारे अनिल अवचटही शिक्षणानं डॉक्टर. पण डॉक्टरांना समोर येईल तोच रुग्ण दिसतो. जो येतच नाही, तो कसा मोजायचा?

2001 मध्ये अमेरिकेतले पर्यावरण-रसायनशास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉटन यांनी सुचवलं, सांडपाणी तपासा. माणूस खोटं बोलेल, लघवी बोलणार नाही. 2005 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी पो नदीचं पाणी तपासलं, तर रोज सुमारे 4 किलो कोकेनच्या सेवनातून उरेल इतका अवशेष त्यात वाहत होता.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचं उदाहरण. 2011 मध्ये तिथल्या सांडपाण्यात ‘एक्स्टसी’ या नशेच्या पदार्थाचं प्रमाण एकदम वाढलं. शहर अचानक नशेत बुडालं की काय? या पदार्थाचे रेणू दोन प्रकारचे असतात, डाव्या आणि उजव्या हातासारखे, एकमेकांचं आरशातलं रूप. चोरट्या कारखान्यात दोन्ही सारख्याच प्रमाणात तयार होतात. शरीर मात्र त्यातला एक लवकर पचवतं. उट्रेख्तच्या पाण्यात दोन्ही जवळपास समान निघाले. म्हणजे माल कुणाच्या पोटातून आलेला नव्हता, थेट गटारात ओतलेला होता. ही वाढ दिसण्याच्या दोनच दिवस आधी तिथं एका बेकायदा कारखान्यावर छापा पडला होता.

खाल्लेलं की ओतलेलं, हा प्रश्न औद्योगिक गावाला सोडवता आलाच पाहिजे. रेणूंची ही डावी-उजवी निवड औषधनिर्मितीत नवी नाही. सेटिरिझिनच्या दोन रूपांतलं एकच घेतलं की लेव्होसेटिरिझिन होतं, आणि त्यात दुसरं रूप किती उरलंय हे क्यूसीतला केमिस्ट एचपीएलसी या यंत्रावर तपासतो. अशी नजर तयार झालेली मुलं सकाळच्या लोकलनं बोईसरला उतरतात.