दप्तरातली भरलेली बाटली

लेखमाला : शाळेच्या आवारात – लेखांक ६

पाचवी-सहावीतली मुलगी शाळेतून आली की तिच्या दप्तरातली पाण्याची बाटली उचलून बघा. सकाळी भरून दिलेली बाटली तशीच परत आली असेल, तर तिला तहान लागली नाही असं समजू नका. शाळेत लघवीला जावं लागू नये, म्हणून ती पाणीच पीत नाही.

कारणं मुली एका दमात सांगतात. कडी लागत नाही, घाण वास येतो, बादलीत पाणी नसतं, नाहीतर दाराला कुलूप असतं. मग पाच-सहा तास रोखून धरायचं. पाणी कमी प्यायलं की लघवी घट्ट होते. मूत्राशय वेळेवर रिकामं झालं नाही, की आतल्या जंतूंना वाढायला उसंत मिळते. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असल्याने संसर्ग लवकर वर चढतो. घरी ‘उन्हाळी लागली’ म्हणून धण्या-जिऱ्याचं पाणी देतात. पण दुसऱ्या दिवशी शाळा तीच असते. बद्धकोष्ठ, डोकेदुखी, शेवटच्या तासाला फळ्यावर लक्ष नसणं, या तक्रारीही पुष्कळदा याच बाटलीपाशी येऊन थांबतात. केरळमधल्या काही शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्याची घंटा सुरू केली. कल्पना चांगलीच, पण स्वच्छतागृहाला कुलूप असेल, तर ती घंटा ऐकून बाटली उघडणार कोण?

हात धुण्याचंही तसंच. वर्षातून दोनदा शाळेत जंताची गोळी मिळते. ती पोटातले जंत मारते, पुन्हा होणारे अडवत नाही. शौचाहून आलेला हात साबणाविना खिचडीच्या ताटात गेला, की जंताची अंडी पुन्हा पोटात जातात.

कायदा यात कमी पडलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं बंधनकारक केली. २०१४ नंतर ‘स्वच्छ विद्यालय’ मोहिमेत बांधकामंही झाली. घोडं अडतं ते पाण्यापाशी आणि झाडूपाशी. भारतीय मानकानुसार दिवसाच्या शाळेला दर मुलामागे रोज ४५ लिटर पाणी लागतं. म्हणजे ६० पटाच्या वस्तीशाळेला २,७०० लिटर! पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरच्या ज्या गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हा आकडा ऐकून सरपंच कपाळाला हात लावतील. सफाईचं गणित आणखी तोकडं आहे. समग्र शिक्षा योजनेत एवढ्या पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये अनुदान धरलं आहे. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे. त्या किमान रकमेवरच भागवायचं, तर हातात २,५०० रुपये, महिन्याला २०८ येतात. त्यात फिनेल येईल, साबण येईल. रोज सफाई करणारं माणूस येणार नाही. द्विशिक्षकी शाळेत शिपाई नसतो. मग गुरुजी स्वच्छतागृहाला कुलूप लावून मोकळे होतात. पाहुणे येतील तेव्हा तरी ते स्वच्छ दिसावं, एवढाच हिशेब उरतो.

यावरचा धडा याच तालुक्यांच्या आपल्या जिल्ह्यात आहे. पावसाने ओढ दिलेल्या हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावली. पाऊस किती झाला ते मोजायचं, माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं, मग कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. मोठी योजना आली तेव्हा पाहू, असं म्हणत ते गाव बसलं नाही. हाताशी आहे त्या पाण्याचा क्रम त्याने ठरवला. तसाच एक रकाना प्रत्येक गावाच्या ताळेबंदात शाळेच्या स्वच्छतागृहासाठी हवा. टँकर आला तर शाळेची टाकी कितवी भरायची आणि सफाईची मजुरी ग्रामपंचायतीच्या कोणत्या खात्यातून द्यायची, हे त्यात लिहिलेलं असावं. पाणी अपुरं असलं, तरी क्रम लावता येतो.

येत्या ग्रामसभेत एकच साधा प्रश्न विचारून बघा : शाळेच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते?

(पुढील लेखांकात : पाळीचे चार दिवस आणि हजेरीपट)