वेदनेचे औषध थेट पाठीच्या कण्यात



नीमचला केंद्र सरकारचा अफू व अल्कलॉइड कारखाना आहे. मंदसौर, नीमच, रतलाम भागातले पट्टेदार शेतकरी बोंडांना चिरा देऊन चीक गोळा करतात, सरकार तो विकत घेते आणि त्यापासून मॉर्फिन बनते. तीव्र वेदनेवरचे इतके खात्रीचे औषध आपल्या माळव्यातच पिकते. पण घरात त्याचे नाव काढले की माणसे दचकतात. "अफूच ना ती? व्यसन लागेल!"

आमच्या ओळखीतल्या एका काकूंचा कर्करोग हाडांत पसरला होता. गोळ्यांचा डोस वाढत गेला. दिवसभर गुंगी, पोट साफ नाही, आणि रात्री कूस बदलली की कळ यायचीच. तेव्हा भूलतज्ज्ञांनी पाठीत एक बारीक नळी बसवून तिच्यातून औषध सुरू केले. पुढचे पाच आठवडे काकू घरी होत्या. नातवाकडून पाढे म्हणून घ्यायच्या, मालिकेतल्या सासूला नावे ठेवायच्या. हे कसे घडते, ते समजून घ्यावेसे वाटले.

गोळी पोटातून रक्तात जाते. वाटेत यकृत आपला हिस्सा कापून घेते, उरलेले औषध साऱ्या शरीरात वाटले जाते आणि मज्जारज्जूपर्यंत थोडेच पोचते. वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूतूनच जातो आणि मॉर्फिन तो तिथेच अडवू शकते. १९७६ मध्ये यॅक्श आणि रूडी यांनी हे उंदरांवर दाखवले. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ८ कर्करुग्णांच्या मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात मॉर्फिन देऊन पाहिले आणि आराम पडला.

आता आम्हा बँकवाल्यांच्या आवडीचा हिशेब. डॉक्टर ढोबळमानाने असे प्रमाण धरतात: तोंडाने ३०० मिलिग्रॅम, शिरेतून १००, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर म्हणजे एपिड्युरलमध्ये १०, आणि थेट द्रवात फक्त १. बँकेत इतके कमिशन कापले असते तर खातेदारांनी काउंटर फोडले असते! प्रत्यक्ष डोस मात्र रुग्णागणिक ठरतो. हे आकडे घरी वापरायचे नाहीत.

आपल्यापैकी पुष्कळ घरांत हा प्रकार येऊन गेलेला आहे, फक्त नाव माहीत नसते. सिझेरियनच्या वेळी कण्यात दिलेल्या इंजेक्शनमध्ये कधी थोडे मॉर्फिनही असते. त्याचा आराम जवळजवळ दिवसभर टिकतो. काही दिवस किंवा आठवड्यांसाठी काकूंसारखी नळी. दीर्घकाळासाठी पोटाच्या कातडीखाली बूटपॉलिशच्या डबीएवढा पंप बसवतात. एक ते तीन महिन्यांनी कातडीवरून सुई घालून तो पुन्हा भरतात. त्याचा खर्च लाखांत जातो. म्हणून आधी तात्पुरते औषध देऊन गुण येतो का, ते पाहतात.

धोके आहेतच. अंगाला खाज, मळमळ, लघवी अडणे, नळीपाशी जंतुसंसर्ग. सर्वांत गंभीर म्हणजे श्वास मंदावणे, आणि तेही कधी काही तासांनी. म्हणून पहिला डोस रुग्णालयातच देतात, आणि नॅलॉक्सोन हा उतारा हाताशी ठेवतात.

बहुतेक कर्करुग्णांना गोळ्यांनीच आराम पडतो, हेही सांगायला हवे. व्यसनाच्या भीतीने त्या अर्ध्याच देऊ नका. बरेच दिवस घेतलेले औषध एकदम बंद केले तर त्रास होतो, म्हणून ते हळूहळू कमी करतात; त्याला व्यसन म्हणत नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणे रुग्णालयांना कटकटीचे झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त संस्थांसाठी परवान्याची वाट सोपी केली. तरी सगळीकडे ते मिळत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: इथे मॉर्फिन मिळते का? वेदनाशमनाचा विभाग, म्हणजे पेन क्लिनिक, आहे का? गोळ्यांनी गुंगी येते पण कळ थांबत नाही, तर पाठीतून औषध देता येईल का? जाताना वेदना कधी आणि किती होते, झोप किती लागते, हे आठवडाभराचे वहीत लिहून न्या.