दोर धरणारा हात

शिबिरात रॅपलिंगचे फोटो सगळेच काढतात. कातळाखाली दोर धरून उभ्या असलेल्या पोराचा फोटो मात्र कुणी काढत नाही, आणि मला विचाराल तर शिबिरातलं सगळ्यात मोठं शिक्षण तिथंच चालू असतं.

आठवी-नववीच्या मुलांना घेऊन आम्ही बहुतेकदा हिवाळ्यात भंडारदऱ्याकडे जातो. पाण्याकाठी तंबू, समोर रतनगड, जेवायला गावातल्या घरांतून आलेली नाचणीची भाकरी आणि पिठलं. रतनवाडीतलं अमृतेश्वराचं देऊळ, त्यापुढे रतनगडाच्या लोखंडी शिड्या, माथ्यावरचं नेढं, हे सगळं मुलांना आवडतंच. पण त्याआधी एक अख्खा दिवस आम्ही छोट्याशा कातळापाशी घालवतो.

चढणाऱ्याच्या कमरेला हार्नेस, त्याला बांधलेला दोर वरच्या अँकरमधल्या कॅरॅबिनरमधून, म्हणजे धातूच्या कडीतून, फिरून पुन्हा खाली येतो आणि खाली उभ्या असलेल्या मुलाच्या हार्नेसवरच्या उपकरणातून जातो. ह्या खालच्या मुलाच्या कामाला गिर्यारोहक ‘बिले देणं’ म्हणतात. वरचा जसजसा चढेल तसतसा दोर ओढून घ्यायचा, ढील राहू द्यायची नाही. एक हात काहीही झालं तरी दोरावरून सोडायचा नाही. वरच्याचा पाय सुटला की तो हात खाली दाबायचा. उपकरणात दोराला घट्ट वळण पडतं, घर्षण वाढतं आणि दोर जागीच अडतो. चाळीस किलोची मुलगी साठ किलोच्या मुलाला धरू शकते ती ह्या घर्षणामुळे, मनगटातल्या ताकदीमुळे नव्हे. फक्त ती स्वतः वर उचलली जाऊ नये म्हणून तिला जमिनीलगतच्या अँकरला बांधतो. शिवाय दोराचं मोकळं टोक तिच्यामागे उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या हातात असतंच. तेरा वर्षांच्या मुलावर एकट्यावर कुणाचाही जीव सोपवायचा नसतो.

सह्याद्रीचा बेसाल्ट कणखर दिसतो, पण लाव्ह्याच्या थरांमधल्या फटींत सैल दगड अडकलेले असतात. म्हणून हेल्मेट खाली उभ्या असलेल्यांनाही लागतं. मुलांना हे एकदा सांगून पुरत नाही.

गेल्या हिवाळ्यात एक मुलगी अर्ध्यावर अडकली. पुढची पकड हाताला लागेना, पोटऱ्या थरथरायला लागल्या. खाली बिलेवर वर्गातलाच एक मुलगा होता. बसमधल्या खिडकीवरून सकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं. तो ओरडला, “दोर ताणलाय, बस त्यावर.” ती बसली. बराच वेळ तशीच लोंबकळत राहिली. बाकीची पोरं ‘चढ, चढ’ करत होती, हा मात्र मान वर करून गप्प उभा, डोळे तिच्या टाचांवर. मग ती उठली, डावीकडे सरकली आणि वर पोचली. खाली आल्यावर आभार वगैरे काही नाही. हार्नेस घट्ट केला, दोर हातात घेतला आणि म्हणाली, “आता तू जा.” त्या दोघांना मी त्या दिवशी काहीही शिकवलं नाही, तरी मला तो दिवस फार मोलाचा वाटतो.

ह्या वयात मुलं एकमेकांच्या नजरेला फार जपतात. भीती वाटते हे मोठ्यानं म्हणता येत नाही. कातळावर ते म्हणावंच लागतं, कारण ‘ढील नको, घट्ट धर’ असं खालच्याला सांगितल्याशिवाय पुढचं पाऊल टाकवत नाही.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आयांशी मी आधीच बोलून घेते. शिबिरात पाळी आली तर लाजून तंबूत बसून राहायचं कारण नाही. हार्नेस घालता येतो, चढता येतं, आणि नसेल चढायचं तर तेही चालतं. मात्र त्यासाठी बंद दाराचं स्वच्छतागृह हवं, पॅड टाकायची सोय हवी आणि रात्री मुक्कामाला महिला प्रशिक्षक हवी. ही सोय नसेल तर झिपलाइन कितीही लांब असो, मी तिथं माझी भाची पाठवणार नाही.

राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितलं. शाळेनं ठरवलेलं शिबिर असलं तरी पालकांनी नोंदणी विचारावी. प्रशिक्षकांनी उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या संस्थेतून गिर्यारोहणाचं शिक्षण घेतलंय का, जवळचा दवाखाना किती लांब आहे, रात्री गाडी तळावर थांबते का, हेही विचारावं. आणि दोरांची नोंदवही मागावी. प्रत्येक दोर कधी घेतला, किती वापरला, कधी तपासला आणि कधी बाद केला, हे त्यात लिहिलेलं असतं. वही दाखवायला जे आढेवेढे घेतात, त्यांच्याकडे मूल पाठवू नका.