काचबिंदूची शस्त्रक्रिया : खरी कसोटी नंतरच्या आठवड्यांत

शरीरावर जखम झाली की ती लवकर भरून यावी, अशीच प्रत्येकाची इच्छा असते. काचबिंदूची शस्त्रक्रिया मात्र याला अपवाद आहे. येथे केलेली वाट पूर्णपणे भरून आली, तर सारे श्रम व्यर्थ ठरतात.

काचबिंदूमध्ये बहुधा डोळ्यातील द्रवाचा निचरा मंदावतो, दाब वाढतो आणि दृष्टीची नस क्षीण होत जाते. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली जपणे एवढेच हाती असते. औषधांचे थेंब व लेसर अपुरे पडल्यास अनेकदा ट्रॅबेक्युलेक्टमी केली जाते. १९६८ मध्ये केर्न्स यांनी वर्णिलेली ही पद्धत आजही रूढ आहे. वरच्या पापणीआड, डोळ्याच्या पांढऱ्या भागात झडपेसारखी सूक्ष्म वाट करतात. तीतून झिरपणारा द्रव वरच्या पातळ पापुद्र्याखाली साठून हळूहळू शोषला जातो.

परंतु शरीराला ही वाट म्हणजे एक जखमच वाटते. ते तेथे नव्या पेशी धाडते, व्रणाची घट्ट ऊती तयार होते आणि निचरा थांबून दाब पुन्हा चढतो. तरुण वय, डोळ्याची पूर्वीची शस्त्रक्रिया, जुनी सूज किंवा वर्षानुवर्षे वापरलेले थेंब यांमुळे हा धोका वाढतो.

तो टाळण्यासाठी शस्त्रक्रियेच्या वेळी मायटोमायसिन-सी हे औषध बहुधा स्पंजाच्या तुकड्याने काही मिनिटे लावून धुऊन टाकतात. मुळात कर्करोगावरील हे औषध पेशींची वाढ रोखते. मात्रा अधिक झाल्यास दाब फार उतरतो, पापुद्रा विरळ होऊन जंतुसंसर्गाचे भय राहते. म्हणून प्रमाण तज्ज्ञच ठरवतात.

पुढचे काम रुग्णाचे व कुटुंबाचे. सूज आवरणारे स्टेरॉइडचे थेंब आरंभी दर दोन तासांनीही घालावे लागतात आणि ते कित्येक आठवड्यांत क्रमाक्रमाने कमी केले जातात. दुखणे थांबले, लाली ओसरली की पेढीवर परतलेला गृहस्थ गिऱ्हाइकांच्या गर्दीत थेंब विसरतो, तपासणी पुढे ढकलतो. वाट बुजू लागते ती नेमकी याच काळात, आणि तीही वेदना न देता. वेळेवर तपासणी झाली, तर डॉक्टर लेसरने टाका सोडवून किंवा औषधाचे इंजेक्शन देऊन निचरा सुधारू शकतात.

म्हणून थेंबांचे वेळापत्रक देण्या-घेण्याच्या वहीइतकेच चोख ठेवावे आणि घरातील एकाने त्याची जबाबदारी घ्यावी. डोळा चोळू नये, जड गाठोडी उचलू नयेत, थेंब मनाने बंद करू नयेत. लाली, वेदना, चिकट स्राव किंवा अंधुकपणा जाणवल्यास, मग शस्त्रक्रियेला कितीही वर्षे झालेली असोत, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.