हजच्या जहाजालाही लागायचा पोर्तुगीज परवाना

हजला व्हिसा लागतो, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. पण सोळाव्या शतकातही कागदाशिवाय जेद्दा गाठणं कठीण होतं, आणि तो कागद द्यायचे पोर्तुगीज. त्याला 'कार्ताझ' म्हणत.

डिसेंबर १५३४ मध्ये हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांशी वसईचा तह केला. मुंबई, परळ, माहीम ही बेटं त्या तहात गेली, हे आम्ही वर्गात शिकवतो. दुसरी अट मात्र राहून जाते: तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराती जहाजांनी वसईहून परवाना घ्यायचा.

पोर्तुगीजांचं तुर्कांशी वैर, तरी जकातीचा पैसा हवाच. म्हणून व्यापार तोडला नाही, कागदात बांधला. त्यात जहाजाचं, नाखुदाचं नाव, शस्त्रं किती, जायचं कुठे, सगळं लिहिलेलं. मिरी न्यायला बंदी. कागद नसला की जहाज जप्त.

या कागदावर बीबी मरियम आणि हजरत ईसा यांची चित्रं असत. अकबराच्या काळातले आलिम मख्दूम-उल-मुल्क यांनी तर, असा कागद घ्यावा लागतो तेव्हा हज फर्ज उरत नाही, असा फतवा दिल्याचं बदायुनीने लिहिलंय. लोक मात्र जातच राहिले.

बरं, कागद असला की झालं? तेही नाही. १६१३ मध्ये जहांगीरच्या आईचं, मरियम-उज-जमानी यांचं 'रहीमी' जहाज परवाना असूनही पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडलं, प्रवाशांसकट गोव्याला नेलं. जहांगीर भडकला, दमणला वेढा पडला. १६१५ मध्ये समेट झाला, पण तोवर सुरतेत इंग्रजांची वखार उभी राहिली होती.